मुलाला गेमिंग कॉम्प्युटर हवाय? आधी वही काढा



एरवी मी इथं अपूर्णांक, शुद्धलेखन, वाचनाचा तास असल्या विषयांवर लिहिते. आजचं शीर्षक बघून तुम्हाला वाटेल, बाईंना झालंय तरी काय! पण हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं. त्यामागे माझी एक चूक आहे, ती आधी सांगते.

२०२३ च्या दिवाळीआधी आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी फाटकाशी भेटला. चौथीत माझ्या वर्गात होता, तेव्हा आठवीत गेला होता. म्हणाला, "बाई, गेमिंग पीसी घ्यायचाय. पप्पांनी अठ्ठावीस हजार जमवलेत. कुठला घेऊ?" मी घाईत होते. हातात वह्यांचा गठ्ठा, समोर सहाची गाडी. मी म्हटलं, "आधी अभ्यास कर नीट. गेमिंग कसलं डोंबलाचं!" तो हसला आणि गेला. मीही विसरले.

फेब्रुवारीत त्याचे वडील धाकटीच्या पालकसभेला आले होते. टेम्पो चालवतात. सभा संपल्यावर थांबले आणि म्हणाले, "बाई, तो कॉम्प्युटर गेला." दिवाळीत घेतला, तीन महिन्यांत एका संध्याकाळी जळका वास आला आणि सगळं बंद. दुकानदारानं आधी "उद्या या" केलं, मग "बिल दाखवा" केलं. बिल नव्हतंच, कारण बिलाशिवाय स्वस्त पडेल असं त्यानंच सांगितलं होतं. वडील मला दोष द्यायला आले नव्हते. ते एवढंच म्हणाले, "आपल्याला यातलं काय कळतं? मुलानं तुम्हाला विचारलं होतं म्हणे."

हो, विचारलं होतं. आणि मी त्याच्या प्रश्नातला फक्त "गेमिंग" हा शब्द ऐकला. अठ्ठावीस हजार रुपये हा आकडा ऐकलाच नाही.

म्हणून आज माझं म्हणणं सरळ सांगते. मूल गेमिंग कॉम्प्युटर मागतं तेव्हा "नाही" म्हणून विषय संपवू नका, आणि "हो" म्हणून दुकानदाराच्या हातात पैसेही देऊ नका. मुलाला घेऊन बसा, वही काढा आणि एकेक भाग दोघं मिळून निवडा. पैसे घालताना आधी जे डोळ्यांना दिसत नाही त्यात घाला. दिवे आणि पंखे सगळ्यात शेवटी. हे शिकवायला आपण इंजिनियर असायची गरज नाही. माझ्याकडे डी.एड. आणि एमएस-सीआयटीची प्रमाणपत्रं आहेत, पण कॅबिनेटचं झाकण मी पहिल्यांदा उघडलं ते २०२४ च्या मे महिन्यात, माझ्या भाच्यासमोर.

त्या भाच्याची गोष्ट पुढे येईलच. आधी "गेमिंग" या शब्दाबद्दल थोडं, कारण आपलं निम्मं भांडण तिथंच होतं.

स्टाफरूममध्ये हा विषय काढला की दोन वाक्यं ठरलेली. एक, "अभ्यासाला साधा कॉम्प्युटर पुरतो." दोन, "हा जुगार आहे." दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम वेगळे. त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केला. मूल माइनक्राफ्ट किंवा फुटबॉलचा गेम म्हणतं तेव्हा ते रमीबद्दल बोलत नसतं. पहिल्या वाक्यात मात्र तथ्य आहे. टायपिंग, प्रोजेक्ट, स्क्रॅच यांना साधं यंत्र पुरतं. पण गेम ज्यावर नीट चालतो त्यावर व्हिडिओ एडिटिंगही चालतं, ब्लेंडरसारखं थ्रीडीचं मोफत सॉफ्टवेअरही चालतं. अभ्यासाचा कॉम्प्युटर आणि खेळाचा कॉम्प्युटर अशा दोन जाती नसतात. आणि खरं सांगू? साध्या यंत्राची यादी करायला एकही मूल माझ्याशेजारी तीन संध्याकाळी बसलं नसतं. गेमिंगच्या यादीला बसलं.

आता भाचा. ताई आणि भाऊजी घाटकोपरला राहतात. भाऊजींचा बोनस आणि ताईची भिशी मिळून चाळीस हजार झाले होते. भाचा तेव्हा सातवीची परीक्षा देऊन मोकळा झालेला. त्याच्याकडे मित्रानं दिलेली यादी तयार होती. पहिलाच प्रश्न त्यानं विचारला, "मावशी, आयसेव्हन म्हणजे आयथ्रीपेक्षा भारी ना?"

टेम्पोवाल्या पालकांनाही दुकानदारानं हेच सांगितलं होतं. "आयसेव्हन देतो, टॉपचा." तो निघाला आय७-२६००, म्हणजे २०११ सालचा प्रोसेसर. नावातल्या रेघेपुढचा आकडा बघायचा असतो, तो पिढी सांगतो. २६०० म्हणजे दुसरी पिढी, १२१०० म्हणजे बारावी. आय७-२६०० ला चार कोअर आणि आय३-१२१०० लाही चारच. पण २०२२ चा हा आयथ्री त्या आयसेव्हनच्या कितीतरी पुढे आहे. भाच्याला मी सांगितलं, "अरे, फर्स्ट क्लासचा डबा स्लो गाडीला लावला तर तो फास्टच्या सेकंड क्लासच्या आधी दादरला पोचतो का?" त्याला ते तिथल्या तिथं पटलं. शिवाय इतका जुना प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही, इंटेलमध्ये ती यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. म्हणजे ते यंत्र जळलं नसतं तरी दोन वर्षांत अडचणीत आलंच असतं.

दुसरी फसवणूक "४ जीबी ग्राफिक कार्ड" या शब्दांत होती. ते कार्ड होतं जीटी ७३०, मूळचं २०१४ सालचं. चार जीबी ऐकलं की आपल्याला वाटतं केवढं मोठं! पण ते टाकीचं माप झालं. नळ किती जाड आहे, ते कोणी सांगत नाही.

इथं ग्राफिक कार्ड म्हणजे काय ते मुलाला समजावून सांगायला हवं, आणि त्याला गुणाकार पुरतो. फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८० ठिपके असतात. भाच्याला वहीत करायला लावलं: २०,७३,६००. गेम नीट दिसायला सेकंदाला साठ चित्रं लागतात. पुन्हा गुणाकार: १२ कोटी ४४ लाख १६ हजार ठिपके, दर सेकंदाला रंगवायचे. हे काम एका हुशार माणसाचं नाही, एकसारखं काम करणाऱ्या पुष्कळ हातांचं आहे. प्रोसेसर म्हणजे हिशेब बघणारी, निर्णय घेणारी बाई. ग्राफिक्स म्हणजे रांगेत बसून पापड लाटणाऱ्या शेकडो बायका. हिशेबवाली कितीही हुशार असो, पापड तिच्या एकटीच्यानं व्हायचे नाहीत. (लिज्जतची सुरुवात १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन केली. भाग घ्यायला ज्या लॅमिंग्टन रोडला आम्ही गेलो तो तिथून चालत जाण्याइतका जवळ. हे भाच्याला सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे सात कोअरचं कार्ड!")

आता पडदा १२८० गुणिले ७२० वर आणला तर ठिपके होतात ९,२१,६००. काम सव्वादोन पटीनं कमी. कमी पैशात गेम चालवायची सगळी युक्ती या भागाकारात आहे. चित्र थोडं भरड दिसतं, पण खेळ अडखळत नाही.

चाळीस हजारात, मॉनिटरसकट, चांगलं वेगळं ग्राफिक कार्ड बसत नव्हतं. मित्राच्या यादीत आय३-१२१००एफ आणि एक वापरलेलं कार्ड होतं. ही जोडी वाईट नाही, उलट गेममध्ये जास्त पळाली असती. पण "एफ" म्हणजे प्रोसेसरमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाहीत. कार्ड बिघडलं तर पडदा काळा. आणि वापरलेलं कार्ड आधी कुणी किती रगडलंय ते आपल्याला बाहेरून कळत नाही, वॉरंटीही बहुधा संपलेली असते. म्हणून आम्ही रायझन ५ ५६००जी घेतला. २०२१ चा, सहा कोअरचा, आणि ग्राफिक्स त्याच्या पोटातच. जीटी ७३० पेक्षा ते पोटातले ग्राफिक्स बरे. पुढे पैसे आले की वेगळं कार्ड लावता येतं. यात एक तोटा आहे, तोही सांगते: वेगळं कार्ड लावल्यावर ५६००जी हा साध्या ५६०० पेक्षा थोडा मागे पडतो, कारण त्याची कॅश मेमरी निम्मी आहे. आम्ही तो तोटा पत्करला. पहिल्या दिवसापासून चालणारं यंत्र हवं होतं, आणि कार्डाचे पैसे कधी येतील ते भाऊजींनाही माहीत नव्हतं.

रॅमवर मात्र मी अडून बसले. भाच्याला १६ जीबीची एकच पट्टी घ्यायची होती, पुढे दुसरी लावू म्हणाला. पण पोटातले ग्राफिक्स रॅमचीच जागा वापरतात आणि रॅमच्याच रस्त्यानं जातात. डीडीआर४ ३२०० ची एक पट्टी सेकंदाला ३२०० गुणिले ८, म्हणजे २५,६०० एमबी माल नेते. दोन पट्ट्या बरोबरच्या खाचांत लावल्या तर ५१,२००. म्हणून ८-८ च्या दोन. किंमत जवळजवळ तीच, रस्ता दुपदरी. विकत घेताना बहुतेक जण हे विसरतात, आणि तयार यंत्र विकणारे एकच पट्टी घालून देतात. एसएसडी आम्ही ५०० जीबीची घेतली. त्याबद्दल फार लिहीत नाही. जुनी फिरती हार्ड डिस्क मुख्य डिस्क म्हणून घेऊ नका, एवढं पुरे.

आणि आता तो भाग, ज्याच्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. पॉवर सप्लाय. दुकानात याला एसएमपीएस म्हणतात. भिंतीतली वीज घेऊन आतल्या भागांना लागेल तशी वाटून देणारा डबा. बाहेरून दिसत नाही, गेमच्या जाहिरातीत त्याचं नाव नसतं, आणि काटकसर सुरू झाली की पहिली कात्री त्यालाच लागते. कॅबिनेटसोबत पाच-सातशेत "४५० वॉट" लिहिलेला डबा मिळतो आणि आपण खूश होतो.

त्या टेम्पोवाल्या पालकांनी बंद पडलेलं यंत्र मला दाखवायला आणलं होतं. भाच्याला बोलावलं. आम्ही दोघांनी झाकण काढलं, आणि डब्यावरचं लेबल वाचलं. वर मोठ्या अक्षरात ४५०. खाली बारीक तक्त्यात १२ व्होल्टच्या पुढे १४ अँपिअर. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट, १२ गुणिले १४ म्हणजे १६८. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड आपली वीज मुख्यतः या १२ व्होल्टवरून घेतात. म्हणजे ४५० च्या बाता आणि कामाचे १६८, तेही लेबलवर विश्वास ठेवला तर. भाचा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होता. मग म्हणाला, "मावशी, हे तर लिहिलेलंच होतं."

लिहिलेलंच होतं. बाराचा पाढा येणाऱ्या कुठल्याही मुलाला ते वाचता आलं असतं. त्या मुलाला मीच बाराचा पाढा शिकवला होता.

आम्ही घेतलेल्या ५५० वॉटच्या सप्लायवर १२ व्होल्टपुढे ४५ अँपिअर होते. करून बघा: ५४०. लिहिलेलं आणि असलेलं जवळ आलं की डबा प्रामाणिक आहे असं समजायला हरकत नाही. त्यावर "८० प्लस ब्रॉन्झ" असा शिक्का असतो. तो विजेची बचत सांगतो, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी निदान ८० टक्क्यांहून जास्त कामाला लागते. तो सुरक्षिततेचा दाखला नव्हे, हे लक्षात ठेवा. म्हणून शिक्क्यासोबत कंपनीची पाच किंवा निदान तीन वर्षांची वॉरंटी बघा. आणि एक गैरसमज, जो ताईचाही होता: "बाई गं, ५५० वॉट! बिल किती येईल?" अगं, ५५० ही त्याची ताकद आहे, खाणं नाही. आमचं यंत्र मॉनिटरसकट खेळताना सुमारे १२० वॉट घेतं असं धरू. रोज दोन तास म्हणजे पाव युनिटाहून किंचित कमी, महिन्याला सात-साडेसात युनिट. हिशेब भाच्याकडूनच करून घ्या आणि वहीतच ठेवा. महिन्याच्या वीजबिलाशी ताडून बघायला चांगला आहे, विशेषतः ज्यांचं बिल शंभर युनिटांच्या आसपास असतं त्यांनी. कारण शंभरच्या पुढे दर बदलतो.

लॅमिंग्टन रोडला आम्ही शनिवारी गेलो. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात, हे मुलुंड-बोरिवलीहून जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा. नाहीतर भर उन्हात बंद शटर बघून परत याल. मध्य रेल्वेवाल्यांनी दादरला बदलून चर्चगेट स्लो पकडायची, कारण ग्रँट रोडला फास्ट थांबत नाही. पूर्वेला उतरलं की चालत. रस्त्याचं अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण मुंबईच्या एका जुन्या गव्हर्नरचं नावच लोकांच्या तोंडी राहिलंय. शोले पाच वर्षं ज्या मिनर्व्हात चालला ते थिएटर याच रस्त्यावर होतं, भाऊजींनी ते दोनदा सांगितलं. भाच्याला शोलेत काडीचाही रस नव्हता. तो दुकानांच्या काचांतले बॉक्स वाचत होता.

मी एक नियम केला होता. पहिल्या तासात काही घ्यायचं नाही. तीन दुकानांत तीच यादी दाखवायची आणि भाव वहीत लिहायचे. एका ठिकाणी प्रोसेसर खूप स्वस्त सांगितला. भाच्यानं विचारलं, "काका, बॉक्सवाला की ट्रेवाला?" मी बघतच राहिले. ट्रेवाला म्हणजे सुटा, खोक्याशिवायचा. खोक्यातल्या प्रोसेसरला कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते, सुट्याला ग्राहकाच्या नावे ती मिळत नाही. काकांनी हसून सांगितलं, ट्रेवाला आहे. आम्ही पुढे गेलो.

शेवटी जिथं घेतलं तिथला हिशेब असा. हे मे २०२४ चे भाव, आमच्या बिलावरचे. प्रोसेसर ११,५००, मदरबोर्ड ६,८००, रॅम ३,६००, एसएसडी ३,०००, पॉवर सप्लाय ४,२००, जाळीचा साधा कॅबिनेट २,७००, २४ इंची मॉनिटर ७,५००, कीबोर्ड-माउस १,०००. बेरीज ४०,३००. वरचे तीनशे दुकानदारानं सोडले. पॉवर सप्लायवर बजेटचा दहावा भाग गेला, त्यावरून भाऊजींची आणि माझी दुकानातच थोडी तणातणी झाली. त्यांना त्याच पैशात काचेचा, दिवेवाला कॅबिनेट हवा होता. पैसे त्यांचे होते, मी फार ताणू शकत नव्हते. भाचाच म्हणाला, "पप्पा, दिवा नंतर लावू." विंडोजच्या परवान्याचा खर्च यात नाही, तो वेगळा धरा. दुकानात "विंडोज टाकून देतो" म्हणतात ते परवान्याशिवायचं असतं. आपण शिक्षक असून त्याकडे डोळेझाक करणं मला पटत नाही.

पैसे देताना तोच प्रश्न आला जो टेम्पोवाल्या पालकांना आला होता. बिल पाहिजे, की बिलाशिवाय कमी करू? भाच्यानं मनातल्या मनात १८ टक्के काढले आणि माझ्या कानात म्हणाला, "मावशी, ७,२०० वाचतील!" सहावीत शेकडेवारी झालेली, तरी चूक नेहमीचीच. चाळीस हजारात कर आधीच मिसळलेला आहे. मूळ किंमत १०० धरली तर आपण ११८ देतोय. म्हणून ४०,००० गुणिले १८ भागिले ११८, म्हणजे सुमारे ६,१०२. वर्गात हा प्रकार शिकवताना मी आता हेच उदाहरण घेते, आणि अर्धा वर्ग ७,२०० वर जातो. पण उत्तरापेक्षा महत्त्वाचं हे की ते ६,१०२ देऊन आपण काय घेतो. कर तर भरतोच, तो भरायचाच असतो. शिवाय प्रत्येक भागाची तारीख लागलेली वॉरंटी आपल्या हातात येते. बिल आल्यावर भाच्यानं प्रत्येक भागाचा सीरियल नंबर बिलाशी जुळवला. दुकानदाराला घाई होती, तरी थांबला बिचारा.

यंत्र आम्ही घरी जोडलं. चार तास लागले. पहिल्यांदा सुरूच झालं नाही, माझ्या पोटात गोळा आला. रॅमची एक पट्टी पूर्ण बसली नव्हती. गेली दोन वर्षं ते चालतंय, हॉलमध्येच. ("मुलांचा कॉम्प्युटर बेडरूममध्ये ठेवू नका" असा सल्ला वाचते तेव्हा मला हसू येतं. आपल्याकडे हॉल हीच बेडरूम, आणि आजी समोरच बसलेली.) भाचा खेळतो. वेळेवरून भांडणंही होतात. ती संपली असं मी म्हणणार नाही. अठरा वर्षांवरच्यांसाठीचा जीटीए त्याला हवाय, ताई देत नाही, आणि यात मी ताईच्या बाजूनं आहे.

कुणी विचारेल, ज्यांच्याकडे अठ्ठावीसच हजार आहेत त्यांनी काय करायचं? घरचा टीव्ही एचडीएमआय केबलनं मॉनिटर म्हणून वापरला तर आमच्या यादीतले साडेसात हजार लगेच कमी होतात. ५६००जी ऐवजी त्याचा थोडा जुना भाऊ ४६००जी घेता येतो. ऑफिसमधून निघालेलं, आठव्या पिढीच्या पुढचं जुनं यंत्रही अभ्यासाला चालेल, जड गेमला नाही. जुनं घेण्यात कमीपणा नाही. जुनं नव्याच्या नावानं घेऊ नये. पॉवर सप्लाय मात्र कुठल्याही बजेटमध्ये नवा आणि चांगलाच घ्या.

आणि वरचे भाव आज मिळतील असं समजू नका. रॅमचा भाव २०२५ च्या अखेरीपासून चांगलाच चढलाय. जगातली बहुतेक रॅमची चिप तीनच कंपन्या बनवतात: सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयची डेटा सेंटर त्यांचा माल उचलतायत. घाटकोपरच्या मुलाच्या दोन पट्ट्या महाग होतात त्या अशा. समाजशास्त्राच्या तासाला मागणी-पुरवठा शिकवणाऱ्यांनी हे उदाहरण जरूर घ्यावं. रॅमच्या ओळीपुढे आजचा भाव लिहा, आणि तो परवडत नसेल तर थांबा. थांबणं हाही यादीतला एक पर्याय असतो, दुकानात तो कोणी सुचवत नाही.

तो टेम्पोवाल्यांचा मुलगा आता दहावीत आहे. बंद यंत्रातून फक्त एसएसडी आणि मॉनिटर वाचले. बोर्ड गेला, जुनी डीडीआर३ रॅम नव्या बोर्डात बसत नाही. मध्ये बरेच महिने त्यानं कॉम्प्युटरचं नाव काढलं नव्हतं. गेल्या महिन्यात वडिलांसोबत आला. मी त्याला म्हटलं, "त्या दिवशी मी तुझं ऐकलं नाही, चुकलं माझं." तो लाजला, आणि दप्तरातून शंभर पानी वही काढली. यादी होती. तीन दुकानांच्या भावांचे तीन रकाने, रॅमपुढे दोनदा खोडून लिहिलेला आकडा, मॉनिटरपुढे "आहे". ग्राफिक कार्डाची ओळ कोरी. पॉवर सप्लाय सगळ्यात वर, आणि त्याच्यापुढे कंसात १२ गुणिले ४५.

शेवटचा पेपर झाला की पहिल्या शनिवारी जायचं ठरलंय. भाचाही येणार आहे.